आबा, तुमची चार वाक्यं

आबा,

तुमच्या खोलीतला प्रेस आज उघडला. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तुम्ही इथे आयर्लंडात, नावनला आलात त्या पहिल्या आठवड्यात इरानं तुम्हाला शर्ट प्रेसमध्ये ठेवायला सांगितलं, आणि तुम्ही दोन दिवस इस्त्री होऊन यायची वाट बघत बसलात. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणालात, तुमचा इस्त्रीवाला लई सावकाश दिसतोय. मी, तुमचा लेक संदीप आणि इरा पोट धरधरून हसलो होतो. आज त्याच कपाटासमोर मी अर्धा तास नुसती उभी होते.

तेरावं काल झालं. देवापुढे दिवा, तुमचा फोटो आणि चार घरची माणसं, इथे एवढंच जमतं. संदीप म्हणाला, तू खोली आवर, माझ्यानं होणार नाही. खालच्या कप्प्यात तुमचे कॅनव्हासचे बूट निघाले. त्यांच्या तळव्यांना अजून माती होती. शिट्टी निघाली. त्यामागे इराच्या कोचचा, कीथचा थर्मास होता, तो परत द्यायचा राहून गेलाय. तो बाहेर काढला आणि मी खाली बसले.

गेलेल्या माणसाचं चांगलं लिहावं असं म्हणतात. ते मी लिहीन. पण आधी हे लिहायला हवं: तुम्ही कीथवर रागावून गेलात, आणि त्यात कीथचा काहीच दोष नव्हता. दोष माझा होता. हे तुम्हाला सांगायला मला पाच महिने मिळाले होते. रोज एका टेबलावर जेवलो आपण, आणि मी तुम्हाला भात वाढत राहिले.

इराला पहिल्यांदा मैदानावर सोडायला तुम्ही आलात तो दिवस मला आठवतो. आई गेल्यावर संदीपनं तुम्हाला इस्लामपूरहून जवळजवळ ओढूनच आणलं होतं. इथे आल्यावर तुम्ही खिडकीपाशी बसून घरासमोरच्या गाड्या बघायचात आणि विचारलं की म्हणायचात, बरं चाललंय. मीच म्हटलं, चला, नात काय खेळते ते तरी बघा. शाळेचं मागून घेतलेलं मैदान, बारीक पाऊस, तेरा-चौदा वर्षांच्या पोरी चिखलात एकमेकींना पाडतायत. मी तुम्हाला सांगत होते की ही रग्बी लीग, नेहमीची रग्बी नव्हे, हिच्यात तेरा जण असतात. तुम्ही ऐकतच नव्हता. तुमचे डोळे मैदानावर होते. एकीला धरून पाडलं, ती उठली, पायानं चेंडू मागे सारला, दुसरीनं उचलून पुन्हा धाव घेतली. सहा वेळा पाडलं गेलं की चेंडू समोरच्यांचा. तुम्ही माझा दंड पकडून म्हणालात, "मेघा, ह्यो तर हुतूतू हाय. फकस्त हातात चेंडू दिलाय." त्या दिवशी तुम्ही घरी येऊन दोन वेळा भात घेतलात.

कबड्डीचे मास्तर तुम्ही, जन्म गेला पोरांना पकडी शिकवण्यात. तुम्हाला गप्प बसवणं शक्यच नव्हतं. सरावाच्या तिसऱ्या बुधवारी तुम्ही मला कीथपुढे उभं केलंत आणि विचारायला लावलंत की हा पोरी पळवतो, मॅच खेळवतो, ते ठीक, पण शिकवतो कधी. कीथ म्हणजे उत्तर इंग्लंडचा आडदांड माणूस, बायको नावनची म्हणून इथे आलेला, दिवसभर व्हॅनमधून लाद्या पोचवणारा. मला वाटलं आता हा भडकणार. तो लाल झाला, मान खाजवली, आणि थर्मासमधला चहा तुमच्यापुढे धरला.

मग तो जे बोलला ते मी तुम्हाला शब्दन् शब्द सांगितलं होतं. तेव्हा मी प्रामाणिक होते. तो म्हणाला, आमच्याकडे गल्लीगल्लीत हा खेळ आहे, मी तिथे पंधरा वर्षं लहान पोरं शिकवली. बाराव्या वर्षी निवड करताना आम्ही अंगापिंडानं मोठं पोर कुठलं तेवढं बघायचो. त्याच्या हातात चेंडू दिला की ते चौघांना तुडवून पलीकडे जायचं आणि आम्ही जिंकायचो. लहानखुरी पोरं घरी. सतराव्या वर्षी सगळी सारखीच उंच होतात आणि मग दिसतं की मोठ्याला डाव्या हातानं चेंडू देता येत नाही, मान वर करून बघता येत नाही, धड पकड येत नाही. आणि ज्याला ते आलं असतं ते पोर खेळ सोडून कधीच गेलेलं असतं. अशी किती गेली माझ्या हातून, तो म्हणाला. तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, "आमच्याकडं बी हेच. म्या बी अशी घालवलीत." त्यानंतर थर्मास आपल्या घरी आणि कीथच्या घरी आळीपाळीनं राहायला लागला. एका बुधवारी तुमचा वेलदोड्याचा चहा, पुढच्या बुधवारी त्याचा काळाकुट्ट.

आबा, ते दीड वर्ष तुमचं इथलं सगळ्यात चांगलं होतं आणि माझंही. सरावाचा पहिला अर्धा तास तुमचा ठरला. महिनाभर फक्त डावा हात. चेंडू येण्याआधी मान वळवून दोन्हीकडे बघायचं, नाही बघितलं तर तुमची शिट्टी. सगळ्यात बुटकी पोरगी, जिला आधी कुणी चेंडूच द्यायचं नाही, तिला तुम्ही मधोमध उभं केलंत, आणि चार महिन्यांत तीच सगळ्यांना खेळवायला लागली. इरा घरी येऊन भिंतीवर चेंडू मारायची, डाव्या हातानं, आणि तुम्ही स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून सांगायचात की मनगट वळलं नाही. मी वैतागायचे. माझं म्हणणं होतं की हा छंद आहे, इकडे याला क्रॅक म्हणतात, मजा, पोरींना मजा करू द्या. तुम्ही म्हणायचात, धड येत नसलं तर मजा कसली. हे आपलं भांडण कधी मिटलं नाही. तुमचं बरोबर होतं एवढं कबूल करते.

दुभाषा मीच. हातानं दाखवता येईल ते तुम्ही दाखवायचात, उरलेलं माझ्याकडे. तुमची जीभ इस्लामपूरच्या मैदानावरची. "ही चेंडू देती का धुणं झटकती?" असं तुम्ही म्हणालात की मी सांगायचे, सर म्हणतायत हात थोडा सैल ठेव. तुम्ही एकीला म्हैस म्हणालात, मी तिला दमदार म्हटलं. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसात टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि जशाच्या तशा लिहून द्यायच्या, हीच माझी नोकरी. तिथे मी एक शब्दही मऊ करत नाही. पण मैदानाच्या कडेला इतर आया उभ्या असायच्या. इथे कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. एकदा त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, तो म्हातारा फार कडक आहे बाई. ते माझ्या कानात राहिलं. मला त्यांच्यातली व्हायचं होतं.

आणि तो शब्द. ग्रँड. तुम्ही आल्या आल्या विचारलं होतंत, इथं समदंच भव्य कसं काय? चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, बाळंतीण ग्रँड. मी सांगितलं, इकडे ग्रँड म्हणजे बरं आहे, चाललंय, काळजी नको. तुम्ही म्हणालात, सोयीचा शब्द हाय.

सप्टेंबरातला तो बुधवार. शनिवारी कपाची उपांत्य फेरी होती. तुम्ही इराच्या पकडी बघत होता, एक, दोन, तीन. मग शिट्टी न वाजवता माझ्याकडे आलात. तुमचा आवाज वेगळा होता. ती चार वाक्यं मला पाठ आहेत. "ही डोकं पुढं घालती. समोरचीचा गुडघा बसला तर पोर जाईल. आधी चार आठवडं गुडघ्यावर बसवून पकड शिकीव, डोकं पाठीमागं ठेवायला. शनवारी हिला खेळवू नगंस." आणि मला म्हणालात, सांग त्याला.

पकड हातानं दाखवता येते. ‘शनिवारी नको’ हे हातानं दाखवता येत नाही. त्यासाठी मी हवी होते. इरा माझ्याकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळतं. तिचे डोळे म्हणत होते, मॅम, प्लीज. इकडच्या पोरी आईला मॅमच म्हणतात. आया बघत होत्या. कीथ वही घेऊन आला, काय म्हणतायत विचारायला. मी ऑफिसातून बसनं दमून आले होते, हे मी स्वतःला बरेच दिवस कारण म्हणून सांगितलं. ते कारण नव्हतं. मला लाज वाटली, एवढंच. मी कीथला म्हणाले, "ही सेज शी इज ग्रँड. जस्ट अ बिट मोअर प्रॅक्टिस."

कीथनं तुम्हाला अंगठा दाखवला. तुम्ही मला विचारलंत, एवढ्यातच झालं सांगून? मी म्हणाले, हो आबा, इंग्रजीत थोडक्यात बसतं.

शनिवारचं मी लिहिणार नाही. तुम्ही तिथे होता. गुडघा कानशिलावर बसल्याचा आवाज आपण दोघांनी ऐकला. तुम्ही त्या वयात माझ्याआधी तिच्यापाशी पोचलात. ती डोळे उघडत नव्हती आणि तुम्ही कीथच्या अंगावर ओरडलात, सांगितलं होतं तुला, सांगितलं होतं. कीथनं माझ्याकडे बघितलं, काय म्हणतायत? मी म्हणाले, ते घाबरलेत. तेव्हा एका वाक्यात सगळं सुधारता आलं असतं.

इरा उठली, चालायला लागली, पण पहिल्यासारखी नाही. उजेड सोसायचा नाही. पुस्तकाची दोन पानं झाली की आजही ती डोळे मिटून बसते. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, किती ते सांगत नाहीत. पडदे ओढलेल्या खोलीत तुम्ही तिच्या उशाशी बसून तिचं भूगोलाचं पुस्तक मोठ्यानं वाचायचात, शाळामास्तरी इंग्रजीत, एकेक शब्द ठोकत. तिच्या शाळेत कुणाला इतका भूगोल येत नसेल. त्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे, आणि हेही मी कधी बोलले नाही.

मैदानावर तुम्ही परत पाऊल ठेवलं नाहीत. कीथ दोनदा घरी आला, एकदा बायकोनं केलेला ॲपल टार्ट घेऊन. तुम्ही वरच्या खोलीतून खाली उतरला नाहीत. दुकानात तो समोर दिसला की तुम्ही तांदळाच्या पोत्यांकडे वळायचात. मी समजले, तुम्हाला वाटतंय की यानं ऐकूनही तिला खेळवलं. तसं वाटणारच होतं. तुम्ही परत खिडकीशी बसलात, गाड्या बघत. शिट्टी प्रेसमध्ये गेली. मी रोज ठरवायचे की आज सांगू. मग तुम्ही म्हणायचात, भात छान झालाय, आणि तो दिवस जायचा.

फेब्रुवारीत तुम्हाला जिने चढताना धाप लागायला लागली. मी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं वाटतंय, छातीत काही? मी भाषांतर करायला तोंड उघडलं, त्याआधी तुम्हीच म्हणालात, "ग्रँड." बाई हसल्या. मीही हसले. दहा दिवसांनी सकाळी तुम्ही खुर्चीतच गेलात, चहा तसाच बाजूला.

दहनाच्या वेळी कीथ मागच्या रांगेत उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. बाहेर मला गाठून त्यानं विचारलं, शेवटपर्यंत माझ्यावर राग होता का त्यांचा? आणि आबा, मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "नो, नो. यू आर ग्रँड."

हे लिहीत होते तेवढ्यात इरा दारात आली. माझ्या हातात थर्मास बघून म्हणाली, तो कीथला देणार का? मी म्हणाले, देईन. ती दाराला टेकली. मग म्हणाली, "ही न्यू, मॅम. आय टोल्ड हिम." तुम्हाला तिनंच सांगितलं होतं.

हॉस्पिटलात, दुसऱ्याच दिवशी. तुम्ही तिच्याशेजारी बसून कीथला शिव्या घालत होता, तेव्हा तिनं सांगून टाकलं, कीथला काही माहीतच नव्हतं, मॅम फक्त ग्रँड म्हणाली, मी ऐकलं आणि मीही गप्प बसले कारण मला खेळायचं होतं. तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं. आबा, आपली इरा कधी मराठीत उत्तर देत नाही. तिनं तुमचं वाक्य तुमच्याच उच्चारात सांगितलं, एक अक्षर न चुकवता. "मेघाला बोलायचं न्हाई. आन् आता कीथकडं आपुन जायाचं न्हाई. गेलो की इषय निघतो."

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही कीथवर रागावला नव्हता. तो भेटला असता तर हातवारे करून का होईना, बुधवारचं बोलणं निघालं असतं, आणि संदीपसमोर, त्या सगळ्या आयांसमोर मी उघडी पडले असते. म्हणून तुम्ही मैदान सोडलंत. इथला तुमचा एकुलता एक मित्र सोडलात. तांदळाच्या पोत्यांकडे तोंड करून उभे राहिलात. आणि मी वाढलेला भात छान म्हणत राहिलात.

आबा, हे तुम्ही करायला नको होतं. मला झापायला हवं होतं. पोरींना म्हैस म्हणणारा माणूस तुम्ही, मलाच का सोडलंत? मला तुमचा राग आलाय आणि तो कुठे ठेवायचा ते समजत नाही. त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही माझ्याकडे बघून ग्रँड म्हणालात. मला टोमणा होता का तो? की छातीत खरंच दुखत होतं आणि मला पुन्हा काही सांगायला लावायचं नव्हतं? हे मला आता कुणी सांगणार नाही.

इथवर रविवारी लिहिलं. आज गुरुवार.

त्या रात्रीच मी संदीपला सगळं सांगितलं. तो अजून माझ्याशी फारसं बोलत नाही. ते माझं मी बघेन. काल बुधवार होता. मी लवकर निघाले, थर्मासमध्ये वेलदोड्याचा चहा भरला आणि मैदानावर गेले. इरा गाडीतून उतरली नाही. पोरी अजून जमत होत्या. कीथ खांबांना पॅड गुंडाळत होता. मी थर्मास त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, त्या बुधवारी आबा काय म्हणाले ते तुला सांगायचं राहिलंय. मग मी तुमची चार वाक्यं इंग्रजीत सांगितली. डोकं, गुडघा, चार आठवडे, शनिवार. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. नंतर बाकीचंही सांगितलं, हॉस्पिटल, तुम्हाला ठाऊक असणं, तुमचं न येणं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो थर्मास दोन्ही हातांत धरून उभा राहिला. म्हणाला, मी तुमच्या घरावरून रोज व्हॅन नेत होतो. खिडकीत ते दिसायचे. मी हात करायचो, ते बघायचे नाहीत. पाच महिने मी विचार करत होतो की मी काय केलं.

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. मी म्हटलं, मी आबांना पत्र लिहितेय, तुला काही सांगायचंय? त्यानं मैदानाकडे बघितलं. पोरी चेंडू डाव्या हातानं फेकत होत्या. मग तो बोलला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, जसं म्हणालो तसंच लिही, या वेळी.

आबा, कीथचा निरोप आहे: "मी ऐकलं असतं. तिला खेळवलं नसतं."

एवढंच. इंग्रजीतही एवढंच होतं.

मेघा